डोळा माझ्या भावाचा

आमच्या बाबांचा एक नियम होता. कुणाचं भांडण लागलं, की दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि मध्ये जाऊन उभं राहायचं. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्यांनी माणसं माणसांवर धावलेली पाहिली होती, तिथून हा नियम घरात आला. बाबा छावणीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. बाकीचे त्यांचं फक्त रविवारी ऐकत, आम्हाला मात्र आठवडाभर ऐकावं लागे.

भाऊ गुलमंडीत घड्याळं दुरुस्त करायचा. उजव्या डोळ्याला भिंग लावून केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरायचा. एका सकाळी नळावर मंडळीतलेच दोघं हमरीतुमरीवर आले. भाऊ शिकवल्याप्रमाणे हात मागं बांधून मध्ये गेला. एकानं दुसऱ्यावर उगारलेली काठी त्याच्या उजव्या डोळ्यावर बसली. हात मोकळे असते तर त्यानं ती सहज धरली असती. मी दारातून बघत होते, आणि हे मला तिथंच कळलं.

डोळा गेला. भाऊ दवाखान्यात असतानाच बाबांनी पोलिसांना सांगून टाकलं, आमची काही तक्रार नाही. भावाला विचारलंसुद्धा नाही.

आमच्यात प्रभुभोजनाआधी, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेण्याआधी, मनातलं वैर मिटवावं लागतं. पुढच्या प्रभुभोजनाला बाबांनी त्या काठीवाल्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. म्हणाले, "आमच्या घरानं याला क्षमा केली आहे." बायका डोळे पुसू लागल्या. मलाही हुंदका आला, पण तो संतापाचा होता. पट्टी बांधलेल्या भावानं प्याला ओठाला न लावताच पुढे दिला.

घरी आल्यावर तो बाबांना म्हणाला, "डोळा माझा गेला. माफ तुम्ही कसं केलं?"

"देवानं तर आपला एकुलता एक पुत्र दिला, बाळा."

"पुत्राला इचारलं व्हतं का त्यानं?"

  आईनं ताटं वाढली.

भिंगाचा डोळा गेला, घड्याळं सुटली. पुढे भाऊ चितेगावच्या एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसू लागला. बाबांशी त्याचं बोलणं कामापुरतं. मी वर्षानुवर्षं दोघांच्या मध्ये उभी होते, हात मागं बांधलेलेच.

शेवटच्या आजारात बाबांनी मला विचारलं, "त्यानं मला माफ केलं असंल का गं?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. एवढ्या एका शब्दानं ते निवांत झोपले असते. पण भावाच्या वतीनं बाबा एकदा बोलले होतेच, परत बोलणारी मी कोण?

"त्यालाच विचारा, बाबा," मी म्हणाले, आणि मला माझीच चीड आली.

संध्याकाळी भाऊ कामावरून आला, खाटेपाशी उभा राहिला. बाबांनी त्याच्या मिटलेल्या डोळ्याकडे बघितलं. मी दाराला टेकून वाट बघत होते.

"जेवलास का रे?" बाबांनी विचारलं.

"व्हय," भाऊ म्हणाला.

सकाळी बाबांची वाचा गेली.