त्या काळचं चेंबर

आमच्या ह्यांना एखादं खूळ लागलं की घरातल्या भाकरीलाही त्याचा वास येतो. लातूरच्या आमच्या घरात गेली दोन वर्षं इंजिन ऑइलचा वास आहे.

अंगणात सासऱ्यांची जुनी पेट्रोल गाडी उभी. तरुणपणी त्यांनी ती धावपट्टीवर पाव मैलाच्या सरळ शर्यतीत पळवलेली. आता त्यांना धड चालवत नाही. त्या गाडीत बसून एक फेरी मारावी, एवढीच इच्छा उरली आहे. इंजिन कधीच दुरुस्त झालं होतं. घोडं अडलं होतं ते चेंबरवर, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्यावर. आमचं चेंबर कुणीतरी कापून, पत्रा जोडून खोल केलेलं, वेल्डिंगच्या गाठी वर आलेल्या. "असलं ओबडधोबड कंपनी देते होय? हे त्या काळचं नाहीच," असा ह्यांचा निकाल.

मग शोध सुरू. जेवताना मोबाइलवर परदेशी गाड्यांची पोटं. ताटात भाजी वाढली की आमटी, ह्यांना पत्ता नाही. नांदेडचं भंगार पालथं घातलं, किल्लारीच्या जीपवाल्यांचं डोकं खाल्लं. "अहो, घरात मामंजी आहेत, त्यांना विचारा की," असं मी म्हटलं, तर म्हणे, "अप्पांना आता काय आठवतंय!" माझं टाळकं सरकायचं.

शेवटी खंडेनवमीच्या तोंडावर मुदखेडच्या एका गॅरेजात कंपनीचं चेंबर सापडलं. पण ते दरसाल पूजेत मांडलं जाणारं. गॅरेजवाला म्हणाला, "पूजेतलं इकत न्हाई. पर जागा बी रिकामी ठिवत न्हाई. आमच्यात नवमीच्या आधी लोखंडाला लोखंड बदलता येतंय. तुमचं द्या, हे न्या." ह्यांनी आनंदानं आमचं देऊन टाकलं आणि नवसाचं पोर आणावं तसं हे मांडीवर घेऊन आले.

दसऱ्यानंतर ते बसवायला घेतलं, तेव्हा सासरे शेजारी खुर्चीत होते.

"आरं, माझं चेंबर कुठं गेलं?"

"ते कुणीतरी बिघडवलेलं होतं, अप्पा."

"कुणीतरी न्हाई, मीच केलतं. शर्यतीसाठी. गाडी झपकन सुटली की ऑइल मागं पळतंय अन् पंप नुसती हवा ओढतंय. म्हणून खोल करून घेतलं."

मी कपाळावर हात मारला. दोन वर्षं गावोगाव हुडकलं ते गाडीलाच लागलेलं होतं! हे तसेच मुदखेडला धावले. गॅरेजवाल्यानं हात जोडले, "हळदकुंकू लागलंय, साहेब. आता वरीस सरल्याबिगर हलत न्हाई."

हे तोंड पाडून परतले आणि म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला बदलून आणू. तोवर गाडी काढायची नाही. सगळं कसं त्या काळचं पाहिजे."

मी आता चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात सासरेच बोलले.

"आरं, त्या काळचा मी हाय की हितं. पुढच्या वर्साचं कुणी सांगावं? हाय ते चेंबर लाव अन् मला आत बसव."

हे पान्हा घेऊन गाडीखाली शिरले. मी सासऱ्यांच्या चपला आणून गाडीच्या दाराशी ठेवल्या.