झबल्यावरचे पिवळे कार्ड

रांझीच्या त्या गल्लीत कुसुमबाईंविषयी बोलताना लोक आवाज जरा खाली आणत आणि मग हसत. कोणी म्हणे, यांच्या घरी लाडू वळले की आधी बांगडीतून काढून पाहतात. जो अडकला तो नापास. कोणी म्हणे, ग्वारीघाटावर नावेत बसण्याआधी या बाई नावाड्याकडून नावेचा तळ पाहून घेतात. शेजारच्या सुमेधाताईंचे म्हणणे तर असे, की पौर्णिमेच्या चंद्राकडेही कुसुमबाई एक डोळा मिटून पाहतात आणि उजवी कड थोडी बसकी असल्याची मनातल्या मनात नोंद करतात.

यातले लाडवांचे तेवढे खरे होते. सून म्हणून घरात आल्यावर पहिल्याच महिन्यात एकताने आपल्या हातचे चाळीसपैकी अकरा लाडू परातीत परत गेलेले पाहिले होते. सासूबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त "पुन्हा" म्हटले होते, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होते.

कुसुमबाईंनी बत्तीस वर्षे संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. तिथे प्रत्येक पेटीला एक पिवळे कार्ड असे. कोणी, किती वाजता, काय केले हे त्यावर लिहून सही झाल्याखेरीज पेटी पुढच्या टेबलावर सरकत नसे. त्यांचे यजमान लक्ष्मणराव त्याच कारखान्यात, पण रंगकामाच्या विभागात. त्यांचा स्वभाव रंगाऱ्याचा, म्हणजे उदार. एक हात जास्तीचा मारल्याने कधी काही बिघडत नाही, उलट चकाकी येते, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. दोन अशा माणसांचा संसार अडतीस वर्षे टिकला, यामागे कारखान्यातल्या दोघांच्या वेगवेगळ्या पाळ्यांचा मोठा वाटा असावा, असे एकताला वाटे.

मुलगा अश्वजीत नोकरीनिमित्त इटारसीला. पंधरा दिवसांनी घरी येई. एकता महाराजपूरच्या एका शाळेत शिकवत असे. बाळंतपणानंतर वाढवून घेतलेली रजा संपली आणि पंधरा महिन्यांची सलोनी आजी-आजोबांवर सोपवून ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. ही घडी बसते की मोडते, एवढी एकच धास्ती तिच्या मनात होती. बसली तर नोकरी राहणार होती, मोडली तर जाणार होती.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सलोनीला सकाळीच ताप आला. डॉक्टरांनी मागच्या खेपेला तिच्या वजनावरून प्रमाण लिहून दिले होते: पाच मिलिलिटर, आणि दोन मात्रांमध्ये निदान सहा तास. एकताने सात वाजता बाटलीबरोबरच्या मापाने औषध पाजले, दाढी करणाऱ्या सासऱ्यांना तसे सांगितले आणि ती बसकडे धावली. रेडिओ चालू होता. लक्ष्मणरावांच्या कानापर्यंत 'औषध' एवढाच शब्द पोचला आणि त्यांनी फेसाळलेल्या चेहऱ्याने जबाबदारीने मान हलवली. थोड्या वेळाने कुसुमबाईही बँकेत गेल्या. निवृत्तिवेतनासाठी आपण जिवंत असल्याचा वार्षिक दाखला द्यायचा होता.

शनिवारची शाळा अर्धी. दुपारी बाराला एकता परतली तेव्हा लक्ष्मणराव सलोनीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालत होते. ताप उतरला, पोर शांत झोपली, असे त्यांनी विजयी मुद्रेने सांगितले. एकताने हाक मारली. सलोनीने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. या वेळी ती कधीच झोपत नसे.

तेवढ्यात कुसुमबाई जिवंतपणाचा दाखला देऊन आल्या. नातीकडे एकदा पाहून त्या सरळ फळीकडे गेल्या आणि औषधाची बाटली त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. बाटली आणली त्याच दिवशी त्यांनी तिला कागदाची पट्टी चिकटवून रेघा मारून ठेवल्या होत्या. त्या वेळी एकताला ते पाहून हसू आले होते.

"एकता, तू किती दिलं?"

"पाच, आई. सात बजे."

"मंग बाटली चौदानं खाली काहून आहे?"

लक्ष्मणरावांनी कबूल केले, की दहाच्या सुमारास अंग पुन्हा कोमट वाटले म्हणून त्यांनी एकच चमचा दिला. कोणता चमचा, असे विचारल्यावर त्यांनी पोह्यांचा चमचा आणून दाखवला. कुसुमबाईंनी तो पाण्याने काठोकाठ भरला आणि औषधाच्या मापात ओतला. पाणी नवाच्या रेघेवर थांबले.

"दुसरा हात मारला," लक्ष्मणराव हळूच म्हणाले.

कुसुमबाईंनी त्यांना बोल लावला नाही. आणखी कोण येऊन गेले, एवढेच विचारले. अकरा वाजता सुमेधाताई आल्या होत्या. त्यांना हाक मारताच त्या स्वतःहून आपली बाटली घेऊन आल्या. पोरीचे नाक गळत होते, नातू आला होता तेव्हाचे सर्दीचे औषध घरात शिल्लक होते, दुकानातून असेच मिळते, त्याला गुण आला होता. म्हणून त्यांनी सलोनीला त्यातले मापाने मोजून पाच मिलिलिटर दिले होते. चमच्याने नव्हे, हे त्यांनी लक्ष्मणरावांकडे पाहून पुन्हा सांगितले. आणि हे औषध तापाचे नसून सर्दीचे, त्यामुळे त्याचा इथे काही संबंधच येत नव्हता.

कुसुमबाईंनी कारखान्यातून निरोपाच्या वेळी मिळालेले भिंग काढले आणि त्या बाटलीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर त्या वाकल्या. मग त्यांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि तिसऱ्या ओळीवर बोट टेकवले. तापाच्या बाटलीत जे औषध होते तेच सर्दीच्या बाटलीतही होते. खाली आणखी एक ओळ होती: चार वर्षांखालील मुलांना देऊ नये.

"वरचं नाव वेगळं, ताई. आतमध्ये मात्र तेच."

सुमेधाताई खुर्चीत बसल्या. एकता उभीच होती, कारण बसायचे असते हे तिला आठवत नव्हते.

फोन कुसुमबाईंनी लावला. बालरोगतज्ज्ञ डॉ. चिन्मयींनी मुलीचे वजन, औषधांची नावे, प्रमाण आणि वेळा विचारल्या. कुसुमबाईंनी पाळी सोडताना अहवाल द्यावा तशी उत्तरे दिली: साडेनऊ किलो, सातला पाच, दहाला नऊ, अकराला दुसऱ्या बाटलीतले पाच. ओकारी काढायला जाऊ नका, आता कोणतेही औषध देऊ नका, दोन्ही बाटल्या घेऊन ताबडतोब या, असे डॉक्टरांनी सांगितले.

ऑटोत सगळेच बसले. सुमेधाताईंच्या मांडीवर त्यांची बाटली होती. लक्ष्मणरावांनी कोणी न सांगता पोह्यांचा चमचा बरोबर घेतला होता आणि गुन्ह्यातले हत्यार धरावे तसा तो वाटभर धरून ठेवला होता.

डॉक्टरांनी मुलीच्या वजनाशी सगळे ताडून पाहिले. मात्रा जास्त झाली होती, पण धोक्याच्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे. गुंगी आली होती ती सर्दीच्या औषधाने. तरीही त्यांनी रक्त तपासले आणि संध्याकाळपर्यंत मुलीला नजरेखाली ठेवले. पाचच्या सुमारास सलोनीने डोळे उघडले, डॉक्टरांच्या गळ्यातली नळी ओढली आणि ती सुटेना तेव्हा चावली. एकताला तेव्हा कुठे रडू आले.

मग डॉक्टरांनी चौघांना समोर बसवले. लहान मुलाचे औषध वजनावर ठरते, चमच्यावर नव्हे. माप बाटलीबरोबरचेच घ्यायचे. एका मुलाचे उरलेले दुसऱ्याला द्यायचे नाही, आणि दुकानात सहज मिळते म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध एवढ्या लहानग्यांना मुळीच द्यायचे नाही. बहुतेक घरांतून 'थोडंसं दिलं' एवढेच कळते, असेही त्या म्हणाल्या. आज आकडे मिळाले म्हणून त्यांना नेमके ठरवता आले. तो चमचा मात्र त्यांनी ठेवून घेतला. येणाऱ्या आईबापांना दाखवायला त्यांना तो हवा होता.

घरी येताच एकताने सांगून टाकले, की ती सोमवारी राजीनामा देणार.

"काहून?" कुसुमबाईंनी विचारले. "चमचा तू दिला का?"

"नाही, पण आई, मी घरी असते तर..."

"नोकरी सोडून पेटी सुधरत नाही. पेटीला कार्ड नव्हतं, ते माझं चुकलं."

सोमवारी सकाळी सलोनीच्या झबल्याला पाठीवर, तिचा हात पोचणार नाही अशा जागी, एक छोटा खिसा शिवलेला होता. त्यात पिवळे कार्ड होते: औषध, किती, किती वाजता, सही. औषधांचा डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात गेला. गल्लीभर बातमी पसरायला तासही लागला नाही. ती पोर कधी 'पास' होऊन बाहेर पडणार, असे लोक विचारू लागले. लक्ष्मणरावांना सहीची इतकी गोडी लागली, की ते बिस्किटाचीही नोंद करू लागले. तेव्हा कुसुमबाईंनी बिस्किटांसाठी वेगळी ओळ आखून दिली.

डिसेंबरात सलोनीला पुन्हा ताप आला. एकता त्या दिवशी शाळेत गेली खरी, पण फळ्यावर तारीख लिहिताना ती दोनदा चुकली. घरी येताच तिने आधी सलोनीला पाठमोरे केले आणि कार्ड काढले. पहिल्या ओळीत तिचीच सही होती, सात वाजताची. दुसऱ्या ओळीत लक्ष्मणरावांच्या रंगाऱ्याच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'दहा वाजता बाटली काढली. वाचले. दिले नाही. बाटली परत ठेवली.' खाली सही. तिसऱ्या ओळीत एकची मात्रा होती, पाच मिलिलिटर, कुसुमबाईंची सही. एकताने कार्ड जागेवर ठेवले आणि मंगळवारच्या तासिकांची तयारी करायला घेतली. राजीनाम्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

गल्लीला मात्र ते कार्ड पचत नव्हते. एका दुपारी कुसुमबाई सलोनीला घेऊन सुमेधाताईंकडे बसल्या होत्या, एकताही होती. सुमेधाताईंनी पोरीला मांडीवर घेतले, हाताला कार्ड लागले, आणि इतके दिवस मनात असलेले त्यांनी अखेर बोलून दाखवले. लेकरू म्हणजे काही कारखान्याचा माल नव्हे. असे पाठीवर कार्ड लावून फिरवायचे म्हणजे लोक हसतात, आणि तिला घास भरवायचा तर आता सही करायची का?

कुसुमबाईंनी पर्समधून पेन काढून त्यांच्यापुढे धरले.

"कारखान्यात पीस बिघडला तर दुसरा बनवता येते, ताई. हिचा दुसरा पीस निघत नाही. घास भरवा खुशाल. औषध द्यायचं मनात आलं तर आधी चष्मा लावा, वाचा, अन् मंग सही करा."