मागची चेन

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी, कॉलेज संपलं त्या हिवाळ्यात, मी नागपूरहून सायकलने पुरीला निघालो. गल्लीभर सांगून ठेवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी कुहीच्या रस्त्यावर समोरच्या वाऱ्याने माझा दम काढला. गुपचूप परत फिरावं असं मनात आलं, तेवढ्यात तो मागून आला.

सीताबर्डीत दूध घालून गावी परतणारा दूधवाला. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना रिकामे कॅन, डोक्याला दुपट्टा. माझ्या हँडलवरची 'नागपूर ते पुरी' ही पाटी त्याने सावकाश वाचली, पण हसला नाही.

"वाऱ्याले मी पाहून घेतो, तू मांगं ये गा," म्हणाला आणि पुढे झाला.

त्याच्या कॅनच्या आडोशाला माझे पाय हलके झाले. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही, तरी मी जरा मागे पडलो की त्याचा वेग बरोब्बर कमी व्हायचा. माझी चेन मात्र सारखी कुरकुरत होती. शेवटी लाज वाटून मी थांबलो आणि तेलाची बाटली काढली.

"तेल राहू दे," तोही थांबून म्हणाला. "चेन वाजून राहिली, म्हणून तर मले समजते तू कुठं हायेस."

शेवटचे दोन मैल त्याने मला पुढे घातलं. वारा तसाच होता, पण मी थांबलो नाही.

गावाकडे वळताना त्याने पाय टेकला.

"आता घाल तेल," म्हणाला. "आता तुले कोणाच्या मांगं जाचं नाही."