पिवळ्या ओळी

"शब्द तुम्ही काढलात आणि बोटं ह्यांची गेली. यावर अजून काय बोलायचं राहिलंय, ताई?"

भावजयीच्या हातात औषधांची पिशवी तशीच होती. ड्रेसिंग करून दोघं घरात शिरली आणि निघताना ताईशी अर्धवट राहिलेलं भांडण तिनं चपला काढता काढता पुढे सुरू केलं. ताईचा धाकटा भाऊ खुर्चीत बसला. उजवा हात त्यानं छातीशी धरला होता, दुसऱ्याचं तान्हं मूल सांभाळायला मिळाल्यासारखा. पट्टीच्या आत दोन बोटं नव्हती.

"दोन वर्षं आधी जाहीर केलं होतं," ताई म्हणाली. "अचानक कुणी काही काढत नाही."

"कुणाला जाहीर केलं? ह्यांना? मला? का भिंतीला?"

"अगं हळू, शेजारी ऐकतात," आई पलंगावरून म्हणाली.

"ऐकू देत. त्यांनाही कळू दे, घरातच कात्री पाळलीय आम्ही."

कात्री हे ताईचं घरातलं नाव. भाचीनं लाडानं ठेवलेलं. ताई बावन्न वर्षांची. लग्न केलं नाही. दिवसा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतले संगणक सांभाळायचे आणि संध्याकाळी मागच्या खोलीत, आईच्या जुन्या शिवणयंत्राच्या टेबलाशी बसायचं. यंत्र कधीच विकलं होतं, टेबलाखाली उरलेल्या पायट्यावर मात्र ताईचा पाय अजून हलत असे. तिथे बसून ती जे करायची त्याचा पगार नव्हता. जगभरची माणसं मिळून एक सॉफ्टवेअर लिहीत होती आणि फुकट वाटत होती. त्यानं खऱ्या संगणकाच्या पोटात दुसरा, खोटा संगणक चालवता यायचा. तो कसा चालवायचा हे सांगणारे शेकडो ऑप्शन होते, सुरू करायच्या कमांडपुढे जोडायचे शब्द. त्यातले कित्येक वीस वर्षांचे जुने, एकाच कामाला तीन-तीन. जुने हुडकून काढून टाकायचे, हे ताईच्या वाट्याचं काम.

त्याची रीत ठरलेली होती. आधी सगळ्यांना ईमेल जाते त्या यादीवर लिहायचं, की अमुक शब्द जाणार आहे, त्याच्याऐवजी तमुक वापरा. मग दोन वर्षं जो कुणी तो शब्द वापरेल त्याच्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत ताकीद उमटवायची. कुणी हरकत घेतली तर थांबायचं. नाही घेतली, तर शब्द काढायचा.

"कात्री आत्या आज काय कापलं?" भाची विचारायची. ताई सांगायची. घरातल्या कुणालाही त्यातलं काही कळत नसे, आणि ताईला ते बरं वाटे.

यावेळी गेलेला शब्द घड्याळाचा होता. आतल्या संगणकानं गावची वेळ धरावी, असं सांगणारा. तो नसला की आतला संगणक जगाची, म्हणजे ग्रिनिचची वेळ धरे, इथल्या वेळेच्या साडेपाच तास मागे.

धाकट्याचा सूत रंगवायचा छोटा कारखाना होता. त्यातला मोठा ड्रम ज्या संगणकावर चाले, तो बारा वर्षांपूर्वी मेला. ड्रम बनवणाऱ्या कंपनीनं तेव्हाच पत्र पाठवलं होतं: ह्या यंत्राला आता सुटे भाग नाहीत, झाकण उघडं असताना थांबण्याची सोय नाही, वापर बंद करावा. धाकटा रडवेला होऊन ताईकडे आला. ताईनं आठ दिवस खपून तो मेलेला संगणक नव्याच्या पोटात जिवंत केला. पत्र तिनं स्वतःच्या फाइलीत ठेवलं. त्या दिवशी घरात तिचं केवढं कौतुक झालं!

रोज सकाळी सहाला ड्रम आपोआप फिरून पाणी तापवायचा. एरवी बटण दाबल्याशिवाय हलायचा नाही. म्हणून दिवसा सूत काढताना मेन स्विच बंद करायची सवय कुणालाच नव्हती.

अपघाताच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, कारखान्यातल्या संगणकावर त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपोआप चढली आणि खोटा संगणक सुरू होईना. 'हा ऑप्शन ओळखीचा नाही,' एवढंच पडद्यावर. धाकट्यानं तो शब्दच खोडला. लगेच सुरू झालं. त्यानं ताईला मेसेज केला, 'तुझ्याशिवाय जमवलं बघ!' ताई प्रयोगशाळेत होती. तिनं 'शाब्बास' लिहून पाठवलं. कुठला शब्द, हे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा वाजता ड्रमच्या आत सहा वाजले, तेव्हा धाकट्याचा हात कोपरापर्यंत सुतात होता.

"झालं ते झालं," धाकटा आता म्हणाला. अपघाताला दहा दिवस झाले होते आणि भांडणात तो पहिल्यांदाच बोलत होता. "ताई, तू तो शब्द परत घाल. सोमवारी ड्रम सुरू करायचाय. दोन्ही कामगार रोज दारात येऊन उभे राहतात."

"परत घालायची गरज नाही. दुसरा शब्द आहे. दोन मिनिटांचं काम."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"दोन मिनिटांचं!" भावजयीनं पिशवी टेबलावर आदळली. "दोन मिनिटांचं काम होतं आणि त्या पडद्यावर साधं एक अक्षर आलं नाही? दोन वर्षं ताकीद देत होता म्हणता, मग आमच्या पडद्यावर का नाही दिसली? आम्ही आंधळे?"

ताईनं भावाकडे पाहिलं. त्याला आठवत नव्हतं, हे तिला स्पष्ट दिसलं. तिला मात्र हॉस्पिटलच्या बाकावरच आठवलं होतं, आणि दहा दिवस तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"दिसायची," ती म्हणाली. "पहिले चार दिवस दिसली. मग तू फोन केलास. म्हणालास, ह्या पिवळ्या ओळी बघून कामगार घाबरतात, काहीतरी कर."

"मी?"

"मी वाचल्यासुद्धा नाहीत. इथूनच तुझ्या संगणकातल्या फाइलीत एक ओळ टाकली. जी काही ताकीद येईल ती परस्पर फेकून द्यायची, पडद्यावर येऊच द्यायची नाही."

आई पलंगावर उठून बसली होती.

"आणि यादीवर मीच लिहिलं," ताई म्हणाली, "दोन वर्षांत एकाचीही हरकत आलेली नाही."

"बरं," धाकटा हळूच म्हणाला. "चुकलं. माझंही चुकलं, मी स्विच बंद केला नाही. पण ड्रमचा काय दोष? तो नवा शब्द घाल, ती ओळ काढ. मी डाव्या हातानं चालवीन."

डाव्या हातानं. ताईच्या डोळ्यांसमोर उघड्या झाकणाचा ड्रम आला, आणि बारा वर्षं फाइलीत घडी घालून ठेवलेलं पत्र. भावजयही आता तिच्याकडेच बघत होती, आणि त्या नजरेत मघाचा राग राहिला नव्हता. तिलाही सोमवारच हवा होता.

ताईचा पाय जमिनीवर हलत होता. तिनं तो थांबवला.

"आतला संगणक मी सकाळी पुसून टाकला," ती म्हणाली. "कारखान्यातली प्रत आणि माझ्याकडची प्रत, दोन्ही. ड्रम सोमवारी सुरू होणार नाही. पुन्हा कधीच होणार नाही. बुधवारी भंगारवाला येऊन घेऊन जाईल."