घोडेकाकांचा काउबॉय

बहरीनला आलो त्याच वर्षी, ऐन दसऱ्याला, मी एका अमेरिकन गुराख्याच्या पायांवर डोकं ठेवलं. दोष माझा एकट्याचा नव्हता. जुफैरमधल्या त्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं तर समोर उंच स्टुलावर ब्राँझचा घोडा. त्यावर स्वार, एक हात आभाळाकडे. घोड्याच्या गळ्यात झेंडूचा हार, पुढे हळदकुंकू, उदबत्ती. आमचं कुलदैवत खंडोबा. त्यात घरापासून समुद्रापलीकडे आलेला माणूस जरा जास्तच भाविक होतो. मी चपला सोडल्या, पुढे झालो, त्या ब्राँझच्या बुटांना कपाळ लावलं आणि "येळकोट येळकोट जय मल्हार!" असं सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणालो.

मागून माझ्या मुलीचा स्वच्छ आवाज आला, "बाबा, दॅट्स अ काउबॉय."

मी वर बघितलं. रुंद काठाची टोपी, गळ्याला रुमाल, कमरेला पट्टा. घोड्याने मान खाली घालून पाठीची कमान केली होती आणि मागच्या लाथा हवेत झाडल्या होत्या. खंडोबाचा घोडा असा कधी वागल्याचं कोणी सांगितलेलं नाही. बायकोने मला चिमटा काढला. तेवढ्यात यजमान लगबगीने पुढे आले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू दे हो, असू दे. नमस्कार कधी वाया जात नाही. टेक्सासला पोचेल."

हे घोडेकाका. खरं आडनाव पेडणेकर, गाव देवरुख, एका बांधकाम कंपनीत हिशेब खात्यात. पण पेडणेकर म्हणून विचारलं असतं तर त्यांच्या इमारतीच्या वॉचमननेही मान हलवली असती. जुफैरमध्ये आरमाराच्या तळावरचे अमेरिकन भाडेकरू येतात आणि बदली झाली की निम्मं घर मागे टाकून जातात. कोणी सोफा टाकतो, कोणी सायकल. काकांच्या शेजारच्या अधिकाऱ्याने जाताना हा घोडा दिला. काकांनी तो बाळंतिणीने मूल धरावं तसा छातीशी धरून घरात आणला आणि त्या दिवसापासून त्यांना एक तत्त्वज्ञान प्राप्त झालं.

"हे बघा मोकाशी," ते मला म्हणत, "हा एका हाताने धरतो, दुसरा मोकळा. घोडं काय वाट्टेल ते करो. घोड्याने पाडलं तर पडू. आपण होऊन उतरायचं नाही."

हे वाक्य त्यांनी कोणाकोणाला ऐकवलं नाही! नोकरी सुटलेल्याला, बॉसने झापलेल्याला, दहावीत गणितात आपटलेल्या माझ्या मुलीला. ती "येस अंकल" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिने गणित सोडून आर्ट्स घेतलं.

स्वतः काका घोड्यावर कधी बसले नव्हते. लग्नानंतर माथेरानला गेले तेव्हा काकू बसल्या. घोड्याचा लगाम घोडेवाल्याने धरला होता आणि घोडेवाल्याचा हात काकांनी. हे काकू सांगत, आणि काका, "रस्ता निसरडा होता," एवढंच म्हणत. जिदहफ्सच्या बाजारात मासेवाल्याशी घासाघीस करायची असं ठरवून जात. मासेवाल्याने डोळे वटारले की, "मफी मुश्किल, मफी मुश्किल," म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणत तोच भाव देऊन वर त्याच्या मुलाबाळांची चौकशी करून येत. ऑफिसात तर साहेबाचा फोन आला की खुर्चीवरून अर्धे उठून बोलत. पण घरी आले, टाय सैल केला, त्या स्टुलाशेजारी बसले की त्यांच्या आवाजात टेक्सास उतरायचं.

घोड्याचं तोंड कुठे करायचं यावर आमच्या मराठी मंडळींनी जेवढी डोकेफोड केली तेवढी मंडळाच्या घटनेवरही केली नसेल. एक बँकवाले गृहस्थ म्हणाले, दाराकडे तोंड असेल तर लक्ष्मी उधळून बाहेर जाते. काकांनी घोडा फिरवला. मग त्यांच्याच सौभाग्यवती म्हणाल्या, आता त्याच्या लाथा दाराकडे झाल्या, येणाऱ्या लक्ष्मीला लागतील. पुन्हा फिरवला. एक इंजिनिअर मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन आले आणि उत्तर शोधता शोधता काकूंच्या तुळशीत पाय घालून बसले. शेवटी काका म्हणाले, "घोडं जागचं हललेलं नाही आणि दमलो मी!"

तर त्या दसऱ्याला त्याच्या गळ्यात हार का होता? काकूंमुळे. दसऱ्याला त्या मनामातल्या देवळाजवळच्या गल्लीतून झेंडू आणत आणि घरात राबणाऱ्या प्रत्येक वस्तूला हार घालत. मिक्सर, फ्रिज, खाली पार्किंगमधली गाडी, काकांचा लॅपटॉप. "वर्षभर राबतात बिचारे," म्हणत. त्यातच घोड्याचाही नंबर लागे. काकू मोजकं बोलत. काकांचं उतरायचं नाही वगैरे सुरू झालं की स्वयंपाकघरातून एकच वाक्य येई, "त्या मुलाला एकदा खाली उतरून जेवू तरी द्या हो."

देवरुखला त्यांचं घर बांधून तयार होतं. कुलूप लावून. फणस माकडं खात होती, आंबे शेजारी खात होते आणि काकू इथे खिडकीतल्या कुंडीत कढीपत्ता जगवत होत्या. दरवर्षी काका म्हणत, "बस, अजून दोन वर्षं. मग खलास." मुलाचं शिक्षण झालं, दोन वर्षं. लग्न झालं, दोन वर्षं. मग काही कारण राहिलं नाही तेव्हा नुसतीच दोन वर्षं. हसायला मला तोंड नाही. आखातात आम्ही सगळेच हे म्हणतो. मी तर आल्या वर्षापासून म्हणतोय, आणि मुलगी कॉलेजात गेली तरी माझी तीच दोन वर्षं चालू आहेत.

मग काकांच्या कंपनीत मुलाच्या वयाचा नवा मॅनेजर आला. निवृत्तीचं वय उलटत होतं, व्हिसा संपत होता, आता तरी जाणार असं आम्ही धरून चाललो होतो. पण मॅनेजरला जुनी बिलं कुठे आहेत ते काकांशिवाय कोणाला ठाऊक नाही हे कळलं आणि त्याने मुदतवाढ देऊ केली. किती? दोन वर्षं. काका पेढे घेऊन आमच्याकडे आले. "बघा, घोड्याने पाडलं नाही!" मी अभिनंदन केलं. बायकोने पेढा घेतला आणि विचारलं, "काकू काय म्हणाल्या?"

"ती काय म्हणणार? पेढे तिनेच केले."

त्यानंतर चारच दिवसांनी दसरा आला. आम्ही नेहमीसारखे गेलो. मिक्सरला हार, फ्रिजला हार, लॅपटॉपला हार. घोडा तेवढा बोडका. काकांना वाटलं, झेंडू कमी पडला. त्यांनी स्वतःच फ्रिजवरचा हार काढून घोड्याला घालायला घेतला. काकूंनी तो त्यांच्या हातातून अलगद काढून पुन्हा फ्रिजला घातला.

"अगं, हा राहिला ना."

"राबतात त्यांना हार," काकू म्हणाल्या. "हा कुठे राबतो? हा अडकलाय."

एवढंच. मग त्यांनी सगळ्यांना आपट्याची पानं दिली, श्रीखंड वाढलं, माझ्या मुलीचं कौतुक केलं. काका मात्र पानातली पुरी तशीच ठेवून घोड्याकडे बघत बसले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या स्वाराचा हात बघितला होता, टोपी बघितली होती. चेहरा बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदा बघितला असावा.

दुसऱ्या दिवशी ते मुदतवाढ नको सांगायला मॅनेजरकडे गेले. पण काकाच ते. सुरुवात आभारांनी केली. कंपनीचे आभार, मॅनेजरचे आभार, मॅनेजरच्या वडिलांचे आभार. इतके की त्याने उठून त्यांचा हात हातात घेतला, "मबरूक, मबरूक" म्हणत अभिनंदन केलं आणि चहा मागवला. काका चहा पिऊन परत आले.

तिसऱ्या दिवशी काकू बरोबर गेल्या. खाली गाडीत बसून राहिल्या. "सांगितल्याशिवाय खाली येऊ नका," म्हणाल्या. काका वर गेले, आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, दारातूनच ओरडल्यासारखं "सर, आय ॲम गोइंग टु इंडिया!" म्हणाले आणि मॅनेजर काही बोलायच्या आत जिना उतरले. लिफ्टची वाटही पाहिली नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मदतीला गेलो. प्रत्येक आखाती घरात असतो तसा हुकाचा वजनकाटा निघाला. बॅग लटकवायची, आकडा बघायचा, "हाय रे देवा" म्हणायचं, दूध पावडरचा डबा बाहेर काढायचा. घोड्याला काही जागा होईना. काकू म्हणाल्या, "घ्यायचा तर घ्या हो. माझं पुरणयंत्र राहू दे." काकांनी पुरणयंत्र उचलून बॅगेत घातलं. मग घोड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि तो माझ्या हातात दिला.

"तुम्ही ठेवा मोकाशी. पहिला नमस्कार तुमचाच. देवरुखात कोण ओळखणार याला? लोक हात जोडतील, आणि प्रत्येकाला टेक्सास समजावून सांगत बसायला लागेल." जरा थांबून म्हणाले, "शिवाय तुमचीही पकड चांगली आहे."

ते कौतुक होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

मुहर्रकच्या विमानतळावर मीच सोडायला गेलो. काकू मागे न बघता आत गेल्या, झपाझप, त्यांचे गुडघे दुखतात हे त्या दिवशी कोणाला पटलं नसतं. काका दाराशी थांबले. एक हात ट्रॉलीला घट्ट, दुसरा उंच हवेत. मला हसू आलं. मग त्यांनी ट्रॉलीचा हातही सोडला, दोन्ही हात जोडले, आणि ट्रॉली आपली चालायला लागली. तिच्यामागे धावतच ते दिसेनासे झाले.

घरी आलो. घोडा टीपॉयवर ठेवला आणि फिरवायला लागलो. दाराकडे तोंड केलं तर लक्ष्मी जाईल, लाथा केल्या तर अडेल. बायको दोन कप चहा घेऊन आली. कप खाली ठेवले, थोडा वेळ माझी कसरत बघितली, आणि खिडकीचा पडदा सरकवला. आमच्या खिडकीतून लांबवर उतरणारी विमानं दिसतात.

"इथे ठेवा," ती म्हणाली. "आणि तोंड विमानतळाकडे करा. येत्या दसऱ्याला हार मी घालीन."