हनुवटीखालची छत्री

मालगुजाराने छत्रीचं टोक माझ्या हनुवटीखाली लावलं आणि माझं तोंड वर केलं. भर बांधीत, धानाच्या शेतात. मी चिखलात उभी, हातात धानाच्या रोपांची जुडी. रोवणा करणाऱ्या सगळ्या बाया बघत होत्या.

"काऊन व, मोहाची दारू ढोसून आली काय माह्या बांधीत?"

माझ्या पापण्या खाली पडलेल्या. उत्तर द्यायला गेले तर शब्द नाकातून निघाले. बाया हसल्या. मग त्याने माझ्या नणंदेला हुकूम सोडला, "हिच्या तोंडाचा वास घे."

बिचारीने घेतला. "नाई येत वास, मालक."

"मंग नखरे करून राह्यली. सकाळी तं सगळ्याईच्या पुढं होती!"

तेच तर माझं दुखणं होतं. सकाळी मी धडधाकट. दुपार झाली की पापण्या पडत, मान लटके, हात खांद्यातून उचलत नसत. जरा आडवी झाले की ताकद परत येई. असल्या आजारावर कोण विश्वास ठेवणार? आंधळ्याला निदान आंधळा म्हणतात. मला बेवडी म्हणाले. रोवण्याची गाणी मीच सुरू करायची, ती बंद झाली. भात चावता चावता जबडा थांबे, पाणी नाकातून येई, म्हणून चारचौघांत जेवणं सोडलं. हसले तर तोंड वेडंवाकडं होई. तेही सोडलं.

मालगुजारी कायद्याने गेली होती, मालगुजार गेला नव्हता. रोज दुपारी नणंदेला माझ्या तोंडाचा वास घ्यायला लावायचा. स्वतः कधी जवळ आला नाही. आमच्या वस्तीचा त्याला विटाळ. छत्रीला मात्र विटाळ नव्हता!

उन्हाळ्यात भावाने मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली आणि थोड्या वेळाने माझे डोळे टक्क उघडले. म्हणाले, "बाई, तुम्ही ढोंग करत नाही. नसांचा हुकूम अंगापर्यंत पोचत नाही. थकलात की पडून राहा." सुईचा जोर ओसरला, पापण्या पुन्हा पडल्या. या दुखण्यात आपलं रक्तच आपल्यावर उलटतं, हे फार पुढे कळलं. पण राग आला तो तिथेच, त्या खाटेवर. इतके दिवस मीसुद्धा स्वतःला आळशी समजत होते.

पुढच्या रोवण्यात मी मालगुजाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग सुई घेऊन येत जा. नाई तं वास दे."

नणंद मान खाली घालून पुढे आली. मी तिला बाजूला सारलं. एका बोटाने स्वतःची पापणी वर धरली आणि तो उभा होता त्या धुऱ्यावर, चिखलाबाहेरच्या बांधावर, चढले. सरळ त्याच्या छत्रीखाली गेले. त्याच्या तोंडासमोर तोंड उघडलं.

"मालक, आता तुमीच घ्या वास."

तो मागे सरकला. आणखी मागे. पाय चिखलात गेला, छत्री हातातून सुटली. कोणी हसलं नाही. मी तिथेच, त्याच्या डोळ्यांदेखत, धुऱ्यावर आडवी झाले.

त्याने मला कामावरून काढलं. दुखणं बरं झालं नाही, होणारही नाही. पण जिथे ताकद संपेल तिथे मी आडवी होईन. बांधीत, बाजारात, कचेरीच्या पायरीवर. कोणाला संशय आला तर त्याने स्वतः यावं, माझ्यापुढे वाकावं आणि वास घ्यावा. छत्री घेऊन आला तर मोडून हातात देईन.