मंदाकिनीचा फॉर्म

हे मी माझ्या पत्नीलाही सांगितलेले नाही. चारचौघांत बोलणे तर दूरच — विषय निघाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत जातो. आज तुम्हांला सांगतो आहे. का, ते मलाही नीट उमगलेले नाही.

आधी इतरांनी पसरवलेल्या गोष्टी निकालात काढतो. दोन हजार आठ साली जवळा बाजारच्या आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, आणि संगणकावर केलेल्या यादीतून काही स्त्रियांची नावे गळाली. तेव्हाचे मुख्याध्यापक आजही सांगतात की टंकलेखनात चूक झाली. साफ खोटे. सगळे फॉर्म मी स्वतः टंकले आणि प्रत्येक नोंद दोनदा ताडून पाहिली. कोणी म्हणतात, व्हायरस शिरला. पुण्यात नोकरी करणारा आमचाच एक इंजिनियर म्हणाला, सरांनी वापरलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, सदोष होती. त्याला काय कळते? लायब्ररीने मी सांगितले तेच केले — तंतोतंत तेच.

मी गणिताचा शिक्षक. नव्वदच्या दशकात शाळेत पहिला संगणक आला, तेव्हा त्याच्यावरचे कापड काढायलाही इतर धजत नसत; मी पुस्तके मागवून प्रोग्रॅमिंग शिकलो. म्हणून निवृत्तीनंतर मेळाव्याचे संकेतस्थळ माझ्याकडे आले. प्रत्येक माजी विद्यार्थी म्हणजे प्रोग्रॅममधील एक ऑब्जेक्ट — नाव, गाव, दहावीचे वर्ष, जोडीदार. संकेतस्थळाला तो वाचता यावा म्हणून त्याचे साध्या मजकुरात रूपांतर करावे लागते. त्या मजकुराच्या बांधणीला जेसॉन म्हणतात. हे काम लायब्ररी आपोआप करते. पण आमच्या शाळेत शिकून एकमेकांशी लग्न केलेली जोडपी होती, आणि तिथे गाडी अडली. पतीची नोंद लिहिताना लायब्ररी त्याच्या पत्नीत शिरे, पत्नीची लिहिताना पुन्हा पतीत, पुन्हा पत्नीत — अशी फिरत फिरत शेवटी कोसळे. दोन दिवस जेवणाच्या ताटावरही मी त्या फेऱ्याचाच विचार करत होतो. किती सुंदर अडचण होती ती!

उपाय लायब्ररीतच होता. एखाद्या प्रकारच्या ऑब्जेक्टचे रूपांतर कसे व्हावे, याचा नियम आपला आपल्याला लिहिता येतो. मी लिहिला: विवाहित स्त्रीची स्वतंत्र नोंद काढायची नाही; ती पतीच्या नोंदीच्या आत येईल. फेरा तुटला. जोडपी नेटकी उमटली. पण ज्यांचे पती आमच्या शाळेचे नव्हते, त्यांचे काय? ते पती यादीतच नव्हते. मग त्यांच्या आतली स्त्री कुठे उमटणार? हा प्रश्न मला पडला नाही — मी फक्त जोडप्यांची नावे तपासली होती. अशी चूक एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत सापडती, तर मी ती वर्गापुढे वाचून दाखवली असती.

थांबा — अपराध अजून पुढेच आहे.

मेळाव्यात त्याच यादीवरून मी माईकवर नावे पुकारत होतो, एकेक जण मंचावर येऊन रोप घेऊन जात होता. सगळी नावे संपल्यावर मंदाकिनी पुढे आली. माझी विद्यार्थिनी, औंढ्याजवळच्या एका उपकेंद्रात परिचारिका. सोबत सात-आठ वर्षांची लेक होती, आणि त्या लेकराला आईचे नाव माईकवर ऐकायचे होते.

"सर, माहं नाव न्हाई आलं. म्या तर फॉर्म तुमच्याच हातात देल्ता की."

ती बोलत असतानाच मला सारे कळले. तिचा पती परभणीच्या शाळेत शिकलेला — हे मीच टंकले होते. नियम, फेरा, गाळलेली नोंद — एका क्षणात सगळे लख्ख दिसले. आणि ते दिसत असताना, माईक हातात असताना, मी म्हणालो, "फॉर्म आला असता तर नाव आलं असतं. संगणक विसरत नाही, मंदाकिनी, माणसं विसरतात."

मागून तिचाच एक वर्गमित्र ओरडला, "मंदाबाई, दवाखान्यात गोळ्या तरी बराबर देता का हो?" मंडप हसला. मीही हसलो. तिने लेकीकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाली, "चुकलं असंल माहंच, सर. घरीच राह्यला असंल."

का म्हणाली ती असे? तिला तर स्पष्ट आठवत होते! इतकी वर्षे मला याचेच कुतूहल आहे — एका वाक्याने एखाद्याची आठवण त्याच्या हातून काढून घेता येते? की माझे वाक्य खरे धरण्याची सवय तिला वर्गात मीच लावली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नियम दुरुस्त केला: प्रत्येक स्त्रीची नोंद स्वतंत्र काढायची, आणि तिच्यात पतीचे केवळ नाव लिहायचे. इतके साधे होते. गळालेल्या सगळ्या जणी संकेतस्थळावर आल्या. मंदाकिनीचा फोन आला. फॉर्म नसतानाही सरांनी नाव घातले म्हणून तिने आभार मानले. मी ते स्वीकारले. असू दे, म्हणालो.

तेव्हापासून ती कोणालाही कागद दिला की समोरच्याची सही घेते म्हणे. साध्या चिठ्ठीवरसुद्धा. उपकेंद्रात जाऊन आलेले लोक हसत हसत सांगतात, आणि मी ऐकून घेतो. तिची लेक आता मोठी झाली आहे. आईच्या कोणत्याही बोलण्यावर "तुला काय आठवतंय" म्हणते. मागच्या मेळाव्यात तो जुना विषय निघाला, तर मंदाकिनी स्वतःच हसून म्हणाली, "म्याच इसरले व्हते."

तर तिचीही हकिगत मला खोडून काढायची आहे. मंदाकिनी विसरली नव्हती. तिने तो फॉर्म शाळेच्या व्हरांड्यात माझ्या हातात दिला. मी तो तिच्यासमोर पूर्ण वाचला, आणि तुझे अक्षर अजून तसेच वळणदार आहे, असे तिला म्हणालोही होतो.